मिनिटाला साठ

दिवाळीनंतर पाऊस यायचं काही कारण नसतं. त्या साली तो आला आणि तीन दिवस हललाच नाही. खोलदऱ्याच्या शिवारात कापूस नुकता कुठं फुटला होता. तो बोंडातच भिजून लोंबायला लागला, काळवंडला, आणि ऊन पडलं तेव्हा निम्मा मातीला टेकला होता. आता ज्याच्या घरात हात जास्त त्याचाच कापूस हाती लागणार. मजूर म्हणावेत तर सगळे ऊसतोडीला गेलेले. बन्सीधरच्या घरात मोठी माणसं दोनच, तो आणि त्याची बायको कडूबाई. म्हणून त्यानं दहा वर्षांच्या पंचफुलाचं दप्तर खुंटीला अडकवलं आणि तिच्या कमरेला जुन्या लुगड्याची ओटी बांधली.

पोरगी चौथीत होती. चार दिवस ती शाळेत दिसली नाही तेव्हा पाचव्या दिवशी दत्तराव गुरुजी स्वतःच रानात आले. पायजम्याला गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटलेली, चपला चिखलानं जड झालेल्या.

"बन्सीधरराव, पोरीला शाळेत पाठवा."

"कापूस मातीत चाललाय गुर्जी. बगायलात न तुमी?"

"बघायलोय. पण चौथीत माझे चौदा आहेत. त्यातली एक तुमची. तेरा झाले तर मला चालत नाही."

"एका लेकरानं काय व्हतंय?"

गुरुजींनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि त्यातला साठचा आकडा वाचून दाखवला. त्या साली वरून नवीनच फर्मान आलं होतं. जिंतूरला सगळ्या मास्तरांची बैठक झाली आणि साहेबांनी सांगितलं की, मुलांची प्रगती बरी आहे, मुलं हुशार आहेत, असलं काही इथून पुढं लिहायचं नाही. किती मुलं, काय करून दाखवतील आणि कधीपर्यंत, ते आकड्यात लिहायचं, आणि ज्यानं त्यानं आपापलं लिहायचं. बाकीच्या मास्तरांनी शहाणपणानं चौदात आठ, विसात बारा असे जपून आकडे टाकले. दत्तरावांची पंधरा वर्षं नोकरी झाली होती आणि त्यांना काय करावंसं वाटतं हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. माणूस हुरळला. त्यांनी लिहून दिलं, संक्रांतीपर्यंत चौथीची चौदाच्या चौदा मुलं मिनिटाला साठ शब्द वाचतील. शेजारचा मास्तर गालात हसला, तरी त्यांनी आकडा खोडला नाही.

"आणि तुम्ही स्वतः पोथी वाचणारे," गुरुजी म्हणाले. "तुमच्याच घरातली पोरगी अडाणी राहिली, तर गाव काय म्हणेल?"

हे मात्र बन्सीधरला लागलं. त्यानं फेट्याचा शेमला झटकला आणि कापसाच्या पऱ्हाटीकडं नजर वळवली.

"दहापस्तोर वेचील, मंग येईल शाळंत. आन ऐका गुर्जी. संक्रांतीला तुमचे साठ झाले, तर पाचवीला मोठ्या शाळंत घालतो तिला. माझा शबूद. न्हाई झाले, तर पुना माझ्या बांधावर येऊ नका."

पंचफुलानं ओटीतला कापूस तिथंच गठुड्यात ओतला आणि बापाचा विचार बदलायच्या आत घराकडं पळत सुटली. कडूबाई खाली मान घालून वेचत राहिली. 'पोथी वाचणारे' हे शब्द कुणी तिच्यासमोर उच्चारले की तिची मान आपोआप खाली जायची.

बन्सीधरला वाचता येत नव्हतं. हे गावात कुणालाच माहीत नव्हतं, फक्त कडूबाईला माहीत होतं.

त्याचा चुलता मारुतीच्या देवळात श्रावणात पोथी लावायचा. बन्सीधर सात श्रावण त्याच्या मांडीला मांडी लावून बसला आणि सगळी पोथी त्याच्या कानातून आत गेली. कोणतं पान तेलानं डागाळलेलं, कोणत्या पानाचा कोपरा उंदरानं खाल्लेला, कुठं पान उलटायचं, सगळं पाठ. चुलता गेला तेव्हा लोक म्हणाले, आता तूच वाच. तो वाचायला बसला. आवाज गोड, जीव ओतून म्हणायचा, बायाबापड्या डोळे पुसायच्या. बोट ओळीवरून फिरत राही. कोण बघतं बोटाकडं?

कडूबाई लग्न होऊन आली तेव्हा तिलाही वाटलं, आपला नवरा शिकलेला. दुसऱ्या वर्षी तिच्या माहेराहून कार्ड आलं. तिनं ते हौसेनं नवऱ्याच्या हातात दिलं. त्यानं ते उलटंपालटं केलं, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "सगळे खुशाल हायेत म्हणं." ती निवांत झाली. चौथ्या दिवशी भाऊ दारात येऊन रडायला लागला. बाप अंथरुणाला खिळलाय, लवकर ये, असं त्या कार्डात लिहिलेलं होतं. बाप तिची वाट बघत बघत गेला. कडूबाई माहेराहून परतली तेव्हा बन्सीधर तिच्या नजरेला नजर देत नव्हता. तिनं त्याला एका शब्दानं विचारलं नाही, कुठं बोललीही नाही. त्याला बारा वर्षं झाली होती.

वेचणी चालूच राहिली. अंधुक दिसायला लागलं की तिघं रानात. दवानं ओली पऱ्हाटी पोटऱ्यांना लागायची, बोंडांच्या वाळल्या टोकांनी बोटं सोलून निघायची. पंचफुलाचे हात लहान, तिला एका बोंडाला दोनदा हात घालावा लागे. पण पोरगी कुरकुर करत नव्हती. ती वेचता वेचता धडा म्हणायची. एक संपला की दुसरा, धडाधड, श्वास न घेता.

"आई, गुर्जी घड्याळ लावत्यात. मी काल एकसष्ट वाचले. गंगू पन्नासच वाचती."

"बरं हाय की."

"बाबासारखं वाचायलीस, म्हणले गुर्जी."

कडूबाईचा हात बोंडावरच थांबला.

त्या दिवशी संध्याकाळी चुलीपुढं तिनं पोरीला पुस्तक घेऊन बसवलं. स्वतः भाकरी थापत होती, पण डोळे पोरीच्या बोटावर. कडूबाईला अक्षर एक येत नव्हतं. बोट मात्र तिला चांगलं कळत होतं. बारा श्रावण ती देवळात बायांच्या पहिल्या रांगेत बसून एका बोटाकडं बघत आली होती. पंचफुलाचं तोंड पुढं पळत होतं आणि बोट मागं रेंगाळत होतं. धडा संपला, मग पोरीनं सावकाश पान उलटलं. अगदी बापासारखं.

भाकरी तव्यावर करपली. कडूबाईनं हात पुसले आणि कोपऱ्यातली बियाण्याची रिकामी पिशवी पोरीपुढं धरली. पिशवीवर मोठमोठ्या अक्षरांत काहीतरी छापलेलं होतं.

"हे वाच बरं."

पंचफुलानं पिशवी बघितली, वळवून मागून बघितली. मग अगदी मोकळेपणानं म्हणाली, "ह्याचा धडा झाला न्हाई की अजून."

"म्हंजी?"

"गुर्जी आधी म्हणून दावत्यात, समदे मागून म्हणत्यात. मंग वाचता येतंय. हे कुनी म्हणून दावलंच न्हाई."

पोरगी खोटं बोलत नव्हती. वाचणं म्हणजे असंच असतं, अशी तिची समजूत होती. घरात तिनं दुसरं वाचणं बघितलंच कुठं होतं? बाप पोथी घेऊन बसायचा, आधी ऐकलेलं म्हणायचा आणि गाव त्याला वाचणं म्हणायचं. पंचफुलाही तेच करत होती, आणि बापापेक्षा जलद करत होती. कडूबाईला रडू फुटलं. धूर लागल्याचं निमित्त करून तिनं पदर डोळ्याला लावला.

बन्सीधरला सांगावं, असं तिच्या रोज मनात यायचं. पण काय म्हणून सांगायचं? पोरीला वाचता येत नाही हे तुला कसं कळलं, असं त्यानं विचारलं असतं तर? मग तिनं गुरुजींकडं जायचं ठरवलं. त्यातही दिवस गेले. कापूस होता, मग ज्वारीची राखण होती. संक्रांतीच्या सुमाराला विद्यापीठाच्या नामांतरापायी एसट्या बंद पडल्या, आकडे तपासायला येणाऱ्या साहेबांचा दौरा पंधरा दिवस पुढं गेला, तेव्हा तिला वाटलं, देवानंच सवड दिली. ती ओच्यात चार वांगी घेऊन गुरुजींच्या खोलीवर गेली.

गुरुजी एकटेच राहायचे. बायकापोरं परभणीला. स्टोव्हवर खिचडी शिजत होती आणि ते खाटेवर बसून तक्ता आखत होते. तिला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"या, या कडूबाई! चौदाच्या चौदा झाले बरं का. तुमची पोरगी चौसष्ट. वर्गात पहिली. परवाच कागद पाठवला मी जिंतूरला."

"गुर्जी, तिला वाचता येत न्हाई."

"कुणाला?"

"पंचफुलाला. ती पाठ म्हणती."

गुरुजी हसले. मग त्यांचं हसू ओसरलं. त्यांनी बाहेर खेळणाऱ्या गंगूला पाठवून पंचफुलाला बोलावून घेतलं, खाटेवरचं जुनं वर्तमानपत्र तिच्या हातात दिलं आणि ठळक ओळीवर बोट ठेवलं. पंचफुलानं ओळीकडं बघितलं, गुरुजींकडं बघितलं, आईकडं बघितलं.

"ह्याचा धडा न्हाई झाला गुर्जी."

"जा बाळ तू, खेळ जा," गुरुजी म्हणाले. ते बराच वेळ कागदावरची चौदा नावं बघत बसले. खिचडी खाली लागल्याचा वास सुटला, तरी उठले नाहीत. माणूस वाईट नव्हता. दर शनिवारी घराकडं न जाता त्यानं कच्च्या पोरांना शिकवलं होतं. तेरा पोरं खरंच वाचत होती. हीच एक सगळ्यात हुशार म्हणून त्यानं तिच्याकडं बघितलंच नव्हतं.

"आकडा गेलाय कडूबाई," ते शेवटी म्हणाले. "आता एक कमी करा म्हणून लिहिलं, तर बाकीचे तेराही खोटे ठरतील. साहेब येऊन जाऊ द्या. मग मी तिला अ-आ-ईपासून शिकवतो. लेकराची शपथ."

"आत्ताच शिकवा की."

"आठ दिवसांत? ती गोंधळेल. पाठ आहे तेही विसरून जाईल." मग काहीतरी आठवून त्यांनी विचारलं, "पण मला एक कळत नाही. बन्सीधररावांच्या कसं लक्षात आलं नाही? ते तर वाचणारे."

कडूबाईनं पदर डोक्यावर ओढला. सांगायचं असतं तर तेव्हाच सांगायचं होतं. ते सांगितल्याशिवाय पोरीचं दुखणं गुरुजींना कळणार नव्हतं, हेही तिला कळत होतं.

"त्यास्नी कामं असत्यात," ती म्हणाली आणि वांगी खाली ठेवून निघून आली.

साहेब मंगळवारी आले. शाळेपुढं सडा घातलेला, दारावर गेरूनं चौदा नावं लिहिलेली, प्रत्येकापुढं त्याचा आकडा. सरपंच आले, झाडाखाली बाप्यांची रांग, भिंतीला टेकून बाया. साहेब शांत, पिकल्या केसांचे. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि एकेका पोराला जवळ बोलावलं. पोरं वाचत होती. कुणी साठ, कुणी बासष्ट. गुरुजी कोपऱ्यात उभे राहून नुसते घाम पुसत होते.

पंचफुलाचा नंबर शेवटचा. साहेबांनी पुस्तक मधेच कुठंतरी उघडलं आणि पानाच्या अर्ध्यावर बोट ठेवलं.

"इथून वाच बाळ."

प्रत्येक धड्याच्या डोक्यावर एक चित्र होतं. पंचफुलानं बोटाकडं बघितलंच नाही. ती चित्र शोधत होती. मागच्या पानावर तिला बैलाचं चित्र दिसलं आणि तिचा चेहरा उजळला. तिनं धडा पहिल्यापासून सुरू केला. खणखणीत आवाज, कुठं अडखळणं नाही.

"अगं, मी इथून म्हटलं होतं," साहेब हसून म्हणाले. पण पोरगी थांबली नाही आणि त्यांनाही तिला थांबवावंसं वाटलं नाही. मिनिट संपलं. अडुसष्ट. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या गावानं वाजवल्या. साहेब म्हणाले, अशी शाळा मी तालुक्यात बघितली नाही.

कडूबाई पोरीकडं बघत नव्हती. ती झाडाखाली नवऱ्याकडं बघत होती. बन्सीधरनं टाळ्या वाजवायला हात वर केले होते आणि ते तसेच राहिले होते. साहेबांचं बोट अर्ध्यावर आणि पोरगी वरून सुरू झाली, ह्याचा अर्थ झाडाखालच्या सगळ्या बाप्यांत फक्त त्याला कळला होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. शेजारचा सटवाजी त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "बापावर गेली राव पोरगी!"

"व्हय," बन्सीधर म्हणाला.

गुरुजींनी शब्द पाळला नाही असं म्हणता येणार नाही. फाल्गुनात आठ-दहा दिवस ते पंचफुलाला शाळा सुटल्यावर थांबवून घेत होते. पोरगी खट्टू व्हायची. ज्या पोरीला गावानं टाळ्या वाजवल्या, तिला आता पहिलीच्या पोरांसारखं अ गिरवायला लावायचे. मग ज्वारीची काढणी आली, मग परीक्षा, मग उन्हाळा. गुरुजींना शाबासकीचं पत्र आलं आणि त्यांनी पूर्वीच मागितलेली बदलीही मिळाली, परभणीच्या जवळ. जायच्या दिवशी ते बन्सीधरच्या दाराशी आले, पाणी प्यायले, पंचफुलाच्या डोक्यावर हात ठेवला. काही बोलायचं होतं, पण बन्सीधर समोर होता. बसची वेळ झाली, असं म्हणून ते निघून गेले.

बन्सीधरनं दिलेला शब्द पाळला. जूनमध्ये पंचफुला तीन कोसांवरच्या मोठ्या शाळेत पाचवीला जायला लागली. नवी पुस्तकं, सहा विषय, सहा मास्तर. तिथं आधी कुणी म्हणून दाखवत नव्हतं. फळ्यावर लिहायचे आणि म्हणायचे, वाचा. पहिल्या आठवड्यात ती पोरींच्या मागून बोलली. दुसऱ्या आठवड्यात तिला एकटीला उभं केलं. मास्तरांनी ओरडून बघितलं, मग समजावून बघितलं, मग पहिलीचं पुस्तक मागवून तिच्या पुढ्यात ठेवलं. सत्तर पोरं हसली. विसाव्या दिवशी ती दुपारीच चालत घरी आली. दप्तर उंबऱ्यावर ठेवून म्हणाली, "मी जाणार न्हाई उद्या."

"कामून?" बन्सीधरनं विचारलं.

"मला येत न्हाई तिथलं."

बन्सीधरनं तिच्या कानशिलात मारली. एकदा, मग पुन्हा. "बापाचं नाव घालवलंस!" त्याचा आवाज चिरकला होता. "गाव काय म्हणंल? पोथी वाचणाऱ्याची पोरगी आन..." कडूबाई मधे पडली, तिलाही एक लागली. मग तो तडक गोठ्यात गेला आणि दिवस मावळेपर्यंत बाहेर आला नाही. कडूबाईनं पोरीच्या गालाला हळद लावली. पोरगी रडत नव्हती. तिचं ते न रडणं कडूबाईला सोसेना.

दुसऱ्या दिवसापासून पंचफुला रानात येऊ लागली.

श्रावण तोंडावर आला. पऱ्हाटी गुडघ्याला लागलेली, तणानं रान भरलेलं. बन्सीधर कोळपं धरून पुढं आणि मायलेकी खुरपं घेऊन मागं. ढग उतरलेले, पाऊस नाही, सगळं अंग चिकट झालेलं. बांधावरून जाता जाता सटवाजी ओरडला, "बन्सीधर, सोमवारी पोथी लावायची न? आवाज तापवून ठेव!"

बन्सीधरनं हात हलवला. सटवाजी गेल्यावर पंचफुला खुरपता खुरपता म्हणाली, "आई, माझं डोस्कं दगडाचं हाय काय गं?"

"असं बोलू न्हाई."

"मंग? बाबाला एवढी मोठी पोथी वाचता येती. मी त्येंचीच हाय न? मला अक्षरं दिसत्यात, पर बोलत न्हाईत माझ्यासंगं. माझ्यातच कायतरी कमी हाय." आणि तिनं मूठ वळून स्वतःच्या कपाळावर दोन-तीनदा जोरात मारली.

कोळपं थांबलं. बैल दोन पावलं पुढं जाऊन उभे राहिले. बन्सीधर मागं वळला, कासरा टाकला आणि पोरीपुढं येऊन ढेकळात बसला. तिचा हात धरून ठेवला.

"पोरी, मला वाचता येत न्हाई," तो म्हणाला.

पंचफुला हसली. बाप आपली समजूत काढायलाय, असं तिला वाटलं.

"खरंच येत न्हाई. एक अक्षर न्हाई. काकाचं ऐकून ऐकून पाठ झालंय. तुझ्यासारखंच. तुझ्या डोस्क्यात कायबी कमी न्हाई." त्यानं कडूबाईकडं बघितलं नाही, पण बोलला तिच्याशीच, "हिला ठाव हाय. पयल्यापासून ठाव हाय."

पंचफुलानं आईकडं बघितलं. कडूबाईनं मान हलवली. पोरीचं तोंड हळूहळू बदलत गेलं. हसू गेलं. तिचा हात आपोआप गालाकडं गेला.

"मंग मला मारलं कशाला?"

बन्सीधरनं मोकळ्या हातात ढेकूळ घेऊन त्याचा भुगा केला. पलीकडच्या रानात कुणीतरी बैलांना हाकारत होतं. पंचफुला उत्तराची वाट बघत होती. तिला खरंच ते हवं होतं. कडूबाईलाही हवं होतं. पण तो बोलला ते निराळंच.

"कुनाला सांगू नगंस माय," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "सोमवारी पोथी हाय."

पोरीनं बापाच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"न्हाई सांगत," ती म्हणाली.

अकरावं लागलेल्या पोरीचा तो आवाज कडूबाईच्या चांगला ओळखीचा होता; तो तिचा स्वतःचाच होता. बन्सीधर उठला, कोळपं धरलं, बैल चालू लागले. पंचफुलानं पदर नसलेल्या डोक्यावर ओढणीचं फडकं घट्ट बांधलं, खुरपं उचललं आणि आईच्या पुढची ओळ धरली.